अरुंद बोर्ड: केव्हा घ्यावा, कसा चालवावा

वर्ध्यात बसून विंग फॉइलिंगवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, की समुद्र कुठे आहे? समुद्र नाही, पण धरणं आहेत. धरणावरचा वारा मात्र मंद आणि तुटक असतो. म्हणून तर अरुंद बोर्डाचा मोह आपल्याकडे जास्त होतो.

आधी रचना पाहू. हातात हवा भरलेली विंग, पायाखाली बोर्ड, बोर्डाखाली उभा मास्ट आणि त्याच्या टोकाला पाण्यात पंखासारखं फॉइल. वेग दुप्पट झाला की फॉइलची उचल चौपट होते. म्हणजे सगळी धडपड त्या पहिल्या वेगासाठी. लांब, अरुंद बोर्ड पाणी सहज कापतो, म्हणून कमी वाऱ्यातही लवकर उचलला जातो. इथपर्यंत जाहिराती खरं सांगतात.

आता न सांगितलेली बाजू. उभ्या बोर्डाचा आडवा आधार लांबीच्या पटीत वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या पटीत. १६५ सेंटिमीटर लांब, ७५ रुंद बोर्ड सोडून आपण २३० लांब, ५० रुंद घेतला. आकार ढोबळ मानाने आयताकृती धरा. रुंदी दोन तृतीयांश झाली, तिचा घन सुमारे ०.३०. लांबीने थोडं भरून निघतं, तरी आधार जुन्याच्या ४१ टक्केच उरतो! डोंग्यात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला हे गणित न करताच कळतं.

मग निवडायचा कसा? एक लिटर आकारमान साधारण एक किलो तोलून धरतं. माणूस ७० किलोचा, बोर्ड-फॉइल-विंग मिळून १२ धरले, तर ८२ झाले. पहिला अरुंद बोर्ड ८५ लिटरचा घेतला तर वारा पडला की आपण जवळजवळ पाण्यातच. आमच्या मते १०० च्या आसपास राहावं. आणि रुंद बोर्डावर दोन्ही दिशांना फॉइलवर राहता येत नसेल, तर खरेदी थांबवावी. हा महागडा सामान आहे, घरात उभा करून ठेवण्यासाठी नाही.

चालवताना सुरुवात गुडघ्यांवर. बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवा, विंग भरू द्या, वेग आल्यावरच उठा. सायकलसारखंच आहे, थांबलेली डुगडुगते, चालती सावरते. पावलं मधल्या रेषेजवळ, नजर समोर. झुळूक गेली तर पडायची वाट न पाहता पुन्हा गुडघ्यांवर या. बोर्ड पाणी सोडून वर गेला की रुंदीचा हिशेब संपतो. पुढे तोल फॉइल आणि पाय सांभाळतात. लांब नाकामुळे वळण मात्र सावकाश घ्यावं लागतं, बरं का.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. वारा जोर धरतो जूनच्या सुमारास आणि सिंचनाची धरणं तेव्हाच तळाशी गेलेली असतात. मास्ट पाऊण मीटर खाली जातो; बुडालेलं खोड किंवा खडक लागला तर बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. बोर धरणाचा तर विचारच नको, तो परिसर व्याघ्र प्रकल्पाचा आहे. इतर कुठेही आधी परवानगी, मग काठीने खोली मोजणं, लाइफ जॅकेट, पायाला दोरी. आणि वारा काठाकडून आत वाहत असेल तर त्या दिवशी उतरूच नये, कारण वारा पडला की अरुंद बोर्डावर पालथं पडून हाताने वल्हवतच परत यावं लागतं.