पाहुणी स्टॉपवॉच घेऊन येते

चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये रात्रपाळी सुरू आहे, असं धरू. मोठ्या प्रेसवरचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरा चढवायचा आहे. क्रेन मोकळी होईपर्यंत वीस मिनिटं जातात, दुसरा डाय शोधण्यात पंधरा, आणि बोल्ट आवळून पहिला चांगला जॉब बाहेर पडेपर्यंत आणखी चाळीस. बाजूला हेल्मेट घातलेली तेवीस वर्षांची मुलगी एकेक मिनिट वहीत उतरवते आहे. तिच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण प्रेस इतक्या जवळून ती आजच पाहते आहे. ज्या सेटरचं काम ती मोजते आहे, तो सव्वीस वर्षं तेच करतो आहे. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तो म्हणतो, "मॅडम, तो डाय तेवढा जवळ आणून ठेवायला सांगा. किती वर्षं बोलतोय मी."

सल्लागार कंपनीतलं काम कसं असतं, याचं बरंचसं उत्तर या चहात आहे. सेटरचं म्हणणं सुपरवायझरपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. ही मुलगी मात्र त्याला आकडे जोडते, महिन्याला किती तास आणि किती रुपये वाया जातात ते काढते, आणि दोन आठवड्यांनी एमडींच्या खोलीत मांडते. ज्ञान सेटरचं, मांडणी तिची. ही उसनवारी जो सल्लागार विसरत नाही आणि एमडींसमोर सेटरचं नाव घेतो, तोच या धंद्यातला चांगला माणूस.

यात कमीपणा नाही. १९६९ च्या सुमारास टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या जपानी सल्लागारानं तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणण्याच्या कामात हात दिला. युक्ती साधी होती: मशीन चालू असताना जे करता येतं ते आधीच उरकायचं आणि मशीन थांबवून फक्त बाकीचं करायचं. मात्र एवढं दिसण्यासाठी प्रेसजवळ तासन् तास उभं राहावं लागतं. या नोकरीत पायपीट पुष्कळ असते, ती माहितीपत्रकात दिसत नाही.

दिसते ती प्रवेशपरीक्षा. पवईच्या आयआयटीत डिसेंबरच्या पहिल्या तारखेला नोकऱ्यांच्या मुलाखती सुरू होतात, तेव्हा या कंपन्या पहिल्या रांगेत असतात. मुलाखतीत विचारतात, मुंबईत दिवसाला किती वडापाव खपत असतील? खरा आकडा कोणालाच नको असतो. उमेदवार लोकसंख्येपासून सुरुवात करतो, २०११ च्या जनगणनेतली सव्वा कोटी. पाचातला एक जण रोज एक खातो असं गृहीत धरलं, तर पंचवीस लाख. मग तो स्वतःलाच अडवतो: लहान मुलं वगळायची का? विरार-कल्याणहून रोज येणाऱ्यांचं काय? रविवारचं काय? गृहीतक उघड मांडायचं आणि कोणी खोडलं तर बदलायचं, एवढंच तिथे तपासतात.

नोकरी लागली की लिहायला नव्यानं शिकावं लागतं. बार्बरा मिंटो १९६३ मध्ये हार्वर्डमधून मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत गेल्या. पुढे लंडनला सहकाऱ्यांचे अहवाल सुधारताना त्यांनी 'पिरॅमिड'ची पद्धत बसवली: निष्कर्ष आधी, त्याखाली कारणं, त्याखाली पुरावे. आपल्याकडे गोष्ट सांगायची रीत उलटी आहे. आधी प्रसंग, मग माणसं, मग तात्पर्य. त्यामुळे नवख्याच्या पहिल्या स्लाइडवर मॅनेजर लाल रेघा मारतो आणि विचारतो, "म्हणजे काय?" हा प्रश्न रात्री अकराला येतो, साडेबाराला पुन्हा येतो. आठवड्याला साठ-सत्तर तास काम होणं या क्षेत्रात सर्रास आहे. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री घर, मधल्या तीन रात्री हॉटेलात. सुरुवातीला मजा वाटते. आईबापांची दुखणी किंवा स्वतःचं बाळ समोर आलं की हेच वेळापत्रक जाचू लागतं, आणि बरेच जण दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात.

काहींना बाहेर पडावंच लागतं. मार्विन बोवर या वकिलानं मॅकिन्झीला आजचं रूप दिलं. त्यानं वकिली पेढ्यांचे रिवाज आणले, आणि १९५० च्या दशकात 'वर चढा, नाहीतर निघा' हा नियमही रुजला. ठरावीक काळात बढती मिळाली नाही, तर दुसरीकडे वाट शोधायची.

मॅकिन्झीच्या संस्थापकाची कथा मात्र त्याहून जास्त सांगून जाते. जेम्स मॅकिन्झी हा शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. त्यानं १९२६ मध्ये कंपनी काढली. मंदीत अडचणीत आलेल्या मार्शल फील्ड या शिकागोच्या बड्या दुकान-कंपनीला त्यानं घाऊक व्यापार बंद करण्याचा सल्ला दिला. संचालकांनी १९३५ मध्ये त्यालाच अध्यक्षपदी बसवलं: तुम्हीच करून दाखवा. त्यानं केलं. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि रोष त्याच्यावर आला. दुसऱ्याला सांगण्यापेक्षा स्वतः निर्णय घेणं किती जड असतं, हे त्यानं सहकाऱ्याजवळ कबूल केलं. १९३७ च्या नोव्हेंबरात न्यूमोनियानं तो गेला, तेव्हा ४८ वर्षांचा होता.

त्याच्या वारसदारांवर ही पाळी क्वचितच येते. निकाल लागतो तेव्हा सल्लागार दुसऱ्या गावात असतो. या पेशातली माझ्या मते सर्वांत अवघड गोष्ट हीच. २००३ मध्ये बॉम्बे फर्स्ट ही उद्योगांची संस्था आणि मॅकिन्झी यांनी 'व्हिजन मुंबई' अहवाल दिला आणि दहा वर्षांत मुंबई जागतिक दर्जाची करण्याचा आराखडा मांडला. सरकारनं कृतिदल नेमलं. झोपडपट्टीत राहणाऱ्यांचं प्रमाण १० ते २० टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्ट त्यात होतं; २०११ च्या जनगणनेत ते चाळीस टक्क्यांच्या वर होतं. ती माणसं जाणार कुठे, हा प्रश्न वस्त्यांमधून तेव्हाच विचारला गेला होता.

अमेरिकेत या अंतराची किंमत अखेर मोजावी लागली. ऑक्सिकॉन्टिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाची विक्री वाढवण्याचे सल्ले ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीला दिल्याबद्दल मॅकिन्झीनं २०२१ मध्ये राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. डिसेंबर २०२४ मध्ये फौजदारी चौकशी मिटवण्यासाठी आणखी ६५ कोटी डॉलर कबूल केले. सल्ला लिहिणाऱ्या टेबलावर औषध घेणारा माणूस नव्हता, विक्रीचा तक्ता होता.

चाकणच्या मुलीसमोर मात्र सेटर होता. सहाव्या आठवड्यात डायसाठी प्रेसशेजारी रॅक आली, ट्रॉलीला चाकं लागली. वाचलेल्या वेळात एक माणूस कमी करता येईल का, असं एमडींनी विचारलं. तिनं मॅनेजरकडे पाहिलं, मग स्वतःच उत्तर दिलं: तो वेळ वाढीव ऑर्डरीला लावा, माणूस ठेवा. ते म्हणाले, पाहू. गुरुवारी तिनं गेटवर पास परत केला. सेटर सायकल स्टँडपाशी भेटला. "परत येणार का?" त्यानं विचारलं. सोमवारी तिला नागपूरच्या एका रुग्णालयात हजर व्हायचं होतं. तिनं आपला नंबर त्याला लिहून दिला आणि रॅक हलवली तर कळवा, असं सांगितलं.