पाड्याची नोकरी कोणाची?
पालघर जिल्ह्यातले खोडाळा गाव ज्या मोखाडा तालुक्यात आहे, तो सगळाच अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा भागातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक वगैरे पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. बाहेरून आलेल्या गुरुजींना वारली-कातकरी पोरांची बोली कळेपर्यंत बदलीचा अर्ज तयार असतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या बिगरआदिवासीने जायचे कुठे? २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातले शिक्षकांचे असे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले. इथली भरतीही अडकली. ती सुरू करा या मागणीसाठीही ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली!