चाहत्यांच्या गोटातला वर्णद्वेष : बघत राहायचं की बोलायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल, की सिनेमाचे, क्रिकेटचे, गाण्यांचे फॅन म्हणजे हौसेमौजेचं प्रकरण. तिथे वर्णद्वेषासारखा जड विषय कशाला? तर सुरुवात या हौसेपासूनच करू. एखादी कादंबरी किंवा एखादा संघ आपल्याला मनापासून आवडतो, घरात त्याबद्दल बोलायला कुणी नसतं आणि इंटरनेटवर अचानक हजारो माणसं सापडतात, जी त्याच गोष्टीसाठी वेडी आहेत. अनेकांच्या मैत्र्या तिथे होतात, लिहिणं-चित्रं काढणं तिथे सुरू होतं. म्हणजे ते एक प्रकारे आपलं गाव असतं. आणि गाव म्हटलं, की वेस आली. ‘आपला कोण’ आणि ‘बाहेरचा कोण’ हे ठरवणं आलं. वर्णद्वेष आत शिरतो तो याच वेशीवर.

एक उदाहरण नीट बघू. सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ मध्ये आली. त्यात रू नावाची एक लहान मुलगी आहे. वाचकांची ती फार लाडकी. तिचं मरण वाचून लोक रडले. तिची त्वचा गडद तपकिरी आहे, हे लेखिकेने पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मार्च २०१२ मध्ये सिनेमा आला. रूचं काम केलं होतं अमांडला स्टेनबर्ग या कृष्णवर्णीय मुलीने. वय वर्षं तेरा. आणि ट्विटरवर या पुस्तकाच्या चाहत्यांनीच तक्रारी सुरू केल्या : रू काळी का दाखवली? ती काळी आहे म्हटल्यावर तिच्या मरणाचं तितकं वाईट वाटलं नाही, असंही काहींनी उघडपणे लिहिलं.

इथे थोडं थांबू. ही माणसं पुस्तक न वाचलेली नव्हती. वाचलेलं होतं, आवडलेलंही होतं. पण वाचताना ‘गडद तपकिरी’ हे शब्द डोळ्यांखालून गेले आणि मनाने चित्र काढलं ते गोऱ्या मुलीचं. का? तर निरागस, गोड, जिच्यासाठी रडावं अशी मुलगी म्हणजे गोरीच, हा साचा आधीपासून डोक्यात होता. सिनेमाने तो साचा मोडला, तेव्हा राग आला सिनेमाचा, साच्याचा नाही. अशा प्रसंगी ‘आम्हाला मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहायचंय’ असा युक्तिवाद होतो, त्याचं काय होतं बघा. इथे मूळ पुस्तकच त्यांच्या विरोधात होतं, तरी तक्रार थांबली नाही.

या वेळी एका चाहत्याने एक साधी गोष्ट केली. अशी ट्वीट गोळा केली आणि पुस्तकातल्या वर्णनाच्या शेजारी एका जागी मांडली. आरडाओरडा नाही, फक्त ‘हे पुस्तकात आहे, आणि हे तुम्ही म्हणताय’. वर्तमानपत्रांनी दखल घेतली आणि जे ‘एकदोन टवाळ’ वाटत होतं, त्याचं खरं आकारमान दिसलं. प्रतिसादाची पहिली पायरी ही : जे घडतंय ते दिसेल असं करायचं.

आता दुसरं उदाहरण. यात प्रतिसाद देणाऱ्यांचा फरक दिसतो. ‘स्टार वॉर्स’चा एक भाग डिसेंबर २०१७ मध्ये आला. त्यात केली मेरी ट्रॅन ही व्हिएतनामी वंशाची अमेरिकन अभिनेत्री होती. तिच्यावर वंशावरून, दिसण्यावरून इतकी गरळ ओकली गेली, की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. ऑगस्टमध्ये तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. तिचं म्हणणं, थोडक्यात सांगतो, असं होतं : ते शब्द माझ्यासाठी नवे नव्हते. लहानपणापासून जे कानावर पडत आलं त्यालाच त्यांनी दुजोरा दिला, आणि मला ते खरं वाटू लागलं. पुढच्या भागात, २०१९ मध्ये, तिची भूमिका अगदी आखूड झाली. कारण काहीही असो, चाहत्यांत संदेश गेला तो हाच, की ओरडलं तर फळ मिळतं.

चार वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच विश्वातली ‘ओबी-वॉन केनोबी’ ही मालिका आली. मोझेस इन्ग्रॅम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला तसेच संदेश येऊ लागले. तिने ते लोकांना दाखवले. तिला सगळ्यात बोचलं काय, तर ‘हे गुपचूप सहन करायचं असतं’ असं आपल्यालाच आतून वाटतंय, हे. या वेळी मात्र ‘स्टार वॉर्स’च्या अधिकृत खात्यावरून लगेच तिची बाजू घेतली गेली. मालिकेचा नायक युअन मॅकग्रेगर याने व्हिडिओ करून सांगितलं, की असे संदेश पाठवणाऱ्याला मी स्टार वॉर्सचा चाहता मानत नाही.

हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात वेस फिरवलेली आहे. हल्ला करणारा म्हणत होता, ‘मी खरा चाहता, ही बाहेरची.’ नायक म्हणाला, ‘ती आतली, बाहेरचा तू.’ शिव्या थांबल्या का? लगेच नाही. पण त्या मुलीला आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या हजारो चाहत्यांना कळलं, की गाव आपलंही आहे.

आता एक गैरसमज काढून टाकू. आपण म्हणतो, ‘हे सगळे खोट्या नावाचे, कुठले तरी बाहेरचे ट्रोल.’ ११ जुलै २०२१, वेम्ब्ली, युरो फुटबॉलचा अंतिम सामना. पेनल्टींवर इटलीने इंग्लंडला हरवलं. रॅशफर्ड, सँचो आणि साका या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा. रात्रीतून तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस. सामना आणि त्यानंतरचे २४ तास एवढ्या वेळात आपण १६२२ ट्वीट काढून टाकली, असं ट्विटरने नंतर जाहीर केलं. सर्वांत जास्त ट्वीट ब्रिटनमधूनच आलेली होती. आणि कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्यासारखे होते. म्हणजे हे लपलेले परके नव्हते. घरचेच चाहते होते. पेनल्टी बसली असती तर हेच लोक त्याच पोरांना खांद्यावर घेऊन नाचले असते.

बरं, त्याआधी काहीच झालं नव्हतं असंही नाही. त्याच वर्षी ३० एप्रिल ते ३ मे असे चार दिवस इंग्लिश फुटबॉलने सोशल मीडियावर बहिष्कार टाकला होता. बहिष्काराने लक्ष वेधलं, पण दोन महिन्यांत हे घडलं. पुढे २०२२ मध्ये कायदा बदलला आणि ऑनलाइन वर्णद्वेषी गुन्ह्यासाठीही मैदानात यायला बंदी घालता येऊ लागली. निषेध हवाच, पण त्याच्यामागे नियम आणि परिणाम हवेत.

मग नेमकं काय उपयोगी पडतं? यावर संशोधन झालेलं आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, जागा बंद करणं. रेडिट या साइटने २०१५ मध्ये द्वेष पसरवणारे काही गट बंद केले. त्यात एक उघड वर्णद्वेषी गट होता. टीका अशी होती, की ही माणसं दुसऱ्या गटांत जाऊन तिथे घाण करतील. २०१७ मध्ये संशोधकांनी लाखो पोस्ट तपासल्या. काही जण साइट सोडून गेले, आणि जे राहिले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा ८० टक्क्यांहून अधिक घटली. जागा मिळाली की माणूस तसा बोलतो, जागा गेली की बऱ्याच जणांची जीभ आवरते.

दुसरी, नियम डोळ्यांसमोर ठेवणं. रेडिटवरच विज्ञानाचा एक मोठा गट आहे. तिथे काही चर्चांच्या सुरुवातीला नियम ठळकपणे लावले, काहींच्या नाही. जिथे लावले तिथे नवख्यांचं नियम पाळणं आठ टक्के-बिंदूंनी वाढलं. आणि गंमत बघा, नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. ‘नियम लावले तर लोक येणार नाहीत’ हे आपल्या ॲडमिन मंडळींचं आवडतं वाक्य. इथे उलटं झालं. इथे आपली काळजी घेतली जाते असं दिसलं, की गप्प बसणारे बोलू लागतात.

तिसरी, बोलतं कोण. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. कृष्णवर्णीयांसाठीची शिवी वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना ट्विटरवर सौम्य शब्दांत टोकलं गेलं, की समोर खरी माणसं आहेत, त्यांना दुखतं. टोकणारी खाती संशोधकाने बनवलेली होती. काही गोऱ्या माणसाची, काही काळ्या. काहींना अनुयायी भरपूर, काहींना थोडे. शिवीचा वापर लक्षणीय घटला तो गोऱ्या आणि भरपूर अनुयायी असलेल्या खात्याने टोकल्यावर. याचा अर्थ कडू आहे, पण उपयोगाचा आहे. ज्याला लागतं त्यानेच समजावत बसावं, ही अपेक्षा अन्यायाची तर आहेच, शिवाय ती कमी परिणामकारकही आहे. ज्याच्यावर हल्ला होत नाही आणि ज्याचा गटात मान आहे, त्याने बोलायला हवं.

एक सावधगिरी. आश्वासन आणि काम यांत अंतर पडतं. फॅन-लेखनाचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे मोठं संकेतस्थळ स्वयंसेवक चालवतात. जून २०२० मध्ये त्याच्या संस्थेने वर्णद्वेषाविरुद्ध पावलं उचलण्याचं जाहीर केलं. तीन वर्षांनी, मे २०२३ मध्ये, तिथल्याच चाहत्यांनी मोहीम काढून विचारलं : त्या आश्वासनांचं काय झालं? लोकांनी आपल्या कथांची शीर्षकं बदलून त्यात निषेध नोंदवला. आपल्या लाडक्या जागेला जाब विचारणं म्हणजे तिच्याशी वैर नव्हे. ज्याला तिथे राहायचं असतं तोच विचारतो.

आता आपल्या अंगणात येऊ. जानेवारी २०२१, सिडनी कसोटी. सिराजने प्रेक्षकांतून होणाऱ्या शेरेबाजीबद्दल कर्णधार अजिंक्य रहाणेला सांगितलं, पंचांपर्यंत गोष्ट गेली, खेळ थांबला. सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. नंतरच्या चौकशीत ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने मान्य केलं, की भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली, पण ते सहा जण दोषी नव्हते. यातून दोन धडे घ्यायचे. तक्रार लगेच करायची, आणि कुणाकडे बोट दाखवताना पुरावा पक्का ठेवायचा.

तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, बरोबरच होतं. पण त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला, आणि अकरा जणांच्या संघातून निवडून मोहम्मद शमीला आपल्याच चाहत्यांनी गद्दार ठरवलं. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगकडून एक झेल सुटला, तर त्याला खलिस्तानी म्हटलं गेलं. विकिपीडियावरच्या त्याच्या पानातही तशी छेडछाड झाली. इथे रंगाच्या जागी धर्म आहे, पण यंत्र तेच : जिंकला तर आपला, चुकला तर बाहेरचा. विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने स्पष्ट बोलला, आणि त्यानंतर त्याच्या तान्ह्या मुलीबद्दल हिडीस धमक्या आल्या. बोलण्याची किंमत असते, ती अशी. म्हणूनच बोलणारा एकटा पडू नये, हे बाकीच्यांचं काम.

मग आपण, साधे चाहते, काय करू शकतो? ज्याच्यावर हल्ला झालाय त्याला आधी खाजगीत विचारा, ‘तुला काय हवंय?’ त्याच्या वतीने परस्पर लढाई सुरू करू नका. स्क्रीनशॉट घ्या, तारखेसह, पण निषेध म्हणून तीच शिवी शंभर ठिकाणी फिरवू नका. रिपोर्ट करा. मग एक वाक्य लिहा, शांत आणि स्पष्ट : ‘हे वर्णद्वेषी आहे, आपल्या गटात चालणार नाही.’ माणसाला नाही, वाक्याला नाव द्या. एकदा लिहा आणि थांबा. ते वाक्य समोरच्यापेक्षा गप्प बसून वाचणाऱ्या दोनशे जणांसाठी असतं. आणि तुम्ही ॲडमिन असाल तर नियम लिहून वर लावा, आणि तो लाडक्या, जुन्या सदस्यालाही लागू करा. खरी परीक्षा तिथेच असते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : अशाने अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर गदा येत नाही का? एखाद्याचा अभिनय आवडला नाही, हेही बोलायचं नाही का?

उत्तर : जरूर बोलायचं. ‘या पात्राचे संवाद कच्चे आहेत’ ही टीका झाली. ‘असल्या लोकांना इथे घेतलंच का’ ही टीका नव्हे, हाकलणं आहे. ओळखायची सोपी रीत सांगतो. त्या वाक्यातून वंश काढून टाका. वाक्य उरलं तर ती टीका, काहीच उरलं नाही तर समजून जा. आणि स्वातंत्र्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. शिवीगाळीमुळे जो गट सोडून गेला, लिहायचा थांबला, त्याचाही आवाज गेलाच. त्याची नोंद कुठेच होत नाही, एवढंच.

प्रश्न : दुर्लक्ष करा, आपोआप थांबतील, असं म्हणतात. ते चूक का?

उत्तर : ज्याच्यावर हल्ला होतोय त्याने दुर्लक्ष करायचं ठरवलं, तर तो त्याचा हक्क आहे. ब्लॉक करावं, फोन बाजूला ठेवावा, काहीही गैर नाही. पण बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं, तर त्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. त्याला शिवी एका माणसाची ऐकू येते आणि शांतता सगळ्या गावाची.

थांबतो.