आजीच्या दारातली फाईल

वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, मग पोर आजीकडे. पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावापासून बोईसरच्या चाळींपर्यंत अशी घरं शोधत फिरावं लागत नाही. त्या दारात सामाजिक कार्यकर्ती फाईल घेऊन उभी राहिली की आजीच्या पोटात गोळा येतो : ही पोराला न्यायला आली!

बहुतेक वेळा ती आलेली असते पोर तिथंच राहावं म्हणून. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाचं स्वतःचं कुटुंब आधी. संस्था हा शेवटचा उपाय.

‘दत्तक घेतल्याशिवाय मदत मिळत नाही’ हा समजही चुकीचा. राज्याच्या बाल संगोपन योजनेत पात्र मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मूल आजीकडे, मामाकडे किंवा आत्याकडे राहतं. त्याचं नाव आणि वडिलांच्या मालमत्तेतला हक्क तसाच राहतो. ही मदत मिळण्यासाठी बाल कल्याण समितीपुढे गृहभेटीचा अहवाल लागतो, आणि खरं कसब तिथंच. घर पक्कं आहे का, एवढं पाहून भागत नाही. पोर शाळेत जातं का, आजी आजारी पडली तर कोण, घरात कुणाची भीती वाटते का, हे त्या मुलाशी स्वतंत्र बोलून कळतं. प्रेम आहे म्हणून सगळं ठीक असेल, असं धरून चालत नाही. मोठी पोर धाकट्यांना सांभाळायला शाळेतून काढली जाते, तीही प्रेमाच्याच घरातून.

दत्तकाबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘दवाखान्यात ओळख काढा, स्टॅम्प पेपर करा, बाळ घरी आणा’. मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. त्यात रुग्णालयातलं कुणी सामील असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. बाल न्याय कायद्याखालचं दत्तक ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नोंदणीतून होतं. १ सप्टेंबर २०२२पासून त्याचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्यासाठी पालघरलाच. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी घरी भेट होते.

आणि मूल सांभाळणं अशक्य झालेली आई? तिला पोलिसांची भीती घातली जाते. खरं तर ती बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते आणि विचार बदलायला तिला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत तिच्याशी, घाई न करता, कुणीतरी बोलायला हवं. मला हे या पेशातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

पेशाच, कारण ‘समाजसेवा फावल्या वेळात करतात’ हेही खरं नाही. मुंबईत या कामाचं शिक्षण १९३६पासून, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, दिलं जातं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्यासाठी केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेत साधारण साडेअठरा हजार रुपये मानधन ठरलेलं आहे, तेही कंत्राटी. एवढ्या जोखमीच्या कामाला हे फार कमी आहे, आणि या पेशात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींपासून ते लपवू नये.

तरीही किनाऱ्यावरच्या मुलींनी या कामात यावं असं मला मनापासून वाटतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रावर गेल्या, बाया मासळी घेऊन बाजाराला निघाल्या, की पोर कुणाच्या ओट्यावर असतं, हे बाहेरून आलेल्या कार्यकर्तीला विचारावं लागतं. इथल्या मुलीला ते आधीच ठाऊक असतं.