कोषाचा भाव ठरतो शेवटच्या दिवसांत

पंचवीस दिवस तुतीचा पाला वाहून घरातली माणसे थकून जातात. अळ्या चंद्रिकेवर चढल्या की सगळे म्हणतात, “सुटलो!” पण शेतकरी बंधू-भगिनींनो, कोषाचा भाव ठरतो तो यापुढच्या पाच-सहा दिवसांत.

रेशीम अळी चार वेळा कात टाकते. पाचव्या अवस्थेत ती सपाटून खाते. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला याच वेळी लागतो. त्यातून तिच्या शरीरातल्या दोन ग्रंथींत दाट, चिकट रेशीम साठते.

पक्व झालेली अळी पाला सोडते, आखडते, पिवळसर व पारदर्शक दिसते. अशीच अळी वेचून चंद्रिकेवर सोडावी. कच्ची अळी नुसती भटकते. पक्व अळीला उशीर केला, तर तिचे रेशीम वाया जाते.

अळी रेशीम थुंकत नाही. ती थेंब चिकटवते आणि डोके मागे ओढते. त्या ओढीनेच धागा तयार होतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे डोके फिरवीत दोन-तीन दिवसांत ती सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा स्वतःभोवती गुंडाळते. या काळात चंद्रिका हलवू नका.

एका चौरस फुटात ४० ते ५० अळ्या पुरे. दाटी झाली की दोन अळ्या मिळून एकच कोष करतात. अशा जोडकोषाचा धागा नीट उलगडत नाही. विणण्याआधी अळी मूत्र टाकते, धागाही ओला असतो. म्हणून खोलीत हवा खेळती हवी. दमट, कोंदट जागेत थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि उलगडताना धागा तुटतो.

तिसऱ्या दिवशी कोष तयार दिसतो. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे करू नका. आतला जीव तेव्हा अगदी नाजूक असतो. तो फुटला की कोषावर डाग पडतो. पाचव्या-सहाव्या दिवशी एक कोष कापून पाहा. आतला जीव तपकिरी व टणक झाला असेल, तरच काढणी करा. थंडीत एखादा दिवस जास्त थांबा.

डागी, पातळ व जोडकोष वेगळे काढा. चांगला माल सैल भरून, उन्हाआधी बाजाराला न्या. फार दिवस घरात ठेवलात, तर पतंग कोषाला भोक पाडून बाहेर येतो. मग तो अखंड धागा मिळत नाही, आणि महिन्याच्या कष्टाचा भावही मिळत नाही.