सूर्य-ताऱ्यांच्या क्ष-किरणांचे मापन

मोडलेल्या हाडाचे छायाचित्र घेण्यासाठी वापरले जाणारे क्ष-किरण सर्वांच्या परिचयाचे आहेत. सूर्य आणि अनेक तारेही हे किरण उत्सर्जित करीत असतात. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते, म्हणून भूतलावरील जीवसृष्टी सुरक्षित राहते. परंतु त्याच कारणाने भूतलावरील कितीही मोठ्या दुर्बिणीला ते दिसत नाहीत. त्यांचे मापन करावयाचे, तर उपकरणे उंच आकाशात न्यावी लागतात.

१९६२ मध्ये अमेरिकेत रिकार्दो जाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून पाठविलेल्या उपकरणांना वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे क्ष-किरण आढळले. सूर्यमालेबाहेरील क्ष-किरणांचा हा पहिला ज्ञात उद्गम होय. अग्निबाणातून निरीक्षणास काही मिनिटेच मिळत. ही उणीव उपग्रहांनी भरून काढली. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडण्यात आलेल्या ‘आर्यभट’ या भारताच्या पहिल्या उपग्रहावरही क्ष-किरणांच्या अभ्यासाची योजना होती. मात्र वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे प्रयोग काही दिवसांतच थांबले.

मापन कसे होते?

ही आकांक्षा २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने पूर्ण केली. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा आहे. एका उपकरणात झेनॉन वायूने भरलेल्या तीन पेट्या आहेत. क्ष-किरण आत शिरताच वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन मुक्त होतात, उच्च दाबाच्या विद्युत् तारेकडे ओढले जातात आणि विजेचा स्पंद उमटतो. स्पंद जितका मोठा, तितकी किरणाची ऊर्जा अधिक. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणाऱ्या कृष्णविवरांचा व न्यूट्रॉन ताऱ्यांचा अभ्यास या नोंदींवरून होतो.

दुसरे उपकरण दुर्बीण आहे. समोरून येणारे क्ष-किरण आरशातून परावर्तित न होता त्यात शोषले जातात. पाण्यावर तिरका फेकलेला चपटा दगड टप्पे खात पुढे जातो, त्याप्रमाणे अगदी तिरकस आलेले किरण मात्र परावर्तित होतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले पातळ आरसे एकात एक बसविलेले असतात.

सूर्यावर लक्ष

सौर उद्रेकातील क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीजवळ पोहोचतात आणि लघुलहरींवरील रेडिओ संदेशवहन विस्कळीत करतात. उद्रेकासोबत कधी कधी विद्युत्‌भारित द्रव्याचे ढगही बाहेर फेकले जातात. त्यांना पृथ्वीपर्यंत येण्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. मार्च १९८९ मध्ये अशाच सौर वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास खंडित झाला होता. म्हणूनच क्ष-किरणांची नोंद ही सावधगिरीची पहिली सूचना ठरते.

या हेतूने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल १’ हे यान सोडण्यात आले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील कक्षेत स्थिरावले. तेथून सूर्य अखंड दिसतो. यानावरील दोन उपकरणे सूर्याच्या कमी व अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांचे मापन करतात. वीज, दळणवळण आणि उपग्रह यांवर दैनंदिन व्यवहार अवलंबून असलेल्या देशाला या मापनाचे मोल वेगळे सांगावयास नको.