समुद्र एकच, मग बोट का अडवतात?

‘समुद्र तर सगळा एकच. मग बोटीच्या बुडाला चार शेवाळं लागली तर बिघडलं कुठे?’ हे वाक्य मी महाडच्या बाजारात ऐकलं आहे, पोलादपूरच्या एसटी स्टँडवर ऐकलं आहे आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती अशा शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. मुलगा ऑकलंडला किंवा मुलगी मेलबर्नला स्थायिक झालेली निवृत्त मंडळी आता आपल्याकडे कमी नाहीत. ती तिकडे जातात, हौसेने क्रूझचं तिकीट काढतात आणि ऐनवेळी ठरलेलं एखादं बंदर गळतं. कारण सांगतात ते असं, की जहाजाच्या बुडाला चिकटलेले जीव त्या देशाला नको आहेत. मग परत आल्यावर गप्पा सुरू होतात. कंपनीने इंधन वाचवलं, गोऱ्यांना निमित्तच हवं असतं, समुद्रात कसली आलीय सरहद्द. या सगळ्याच्या मुळाशी तेच एक वाक्य असतं, समुद्र एकच.

आधी प्रकरण काय घडलं ते पाहू. ‘व्हायकिंग ओरायन’ हे प्रवासी जहाज २६ डिसेंबर २०२२ रोजी वेलिंग्टनहून निघालं. त्यानंतरची क्राइस्टचर्च, डनेडिन आणि होबार्ट ही बंदरं चुकली. ॲडलेडजवळ गेल्यावरही त्याला बंदरात घेतलं नाही. बाहेर समुद्रात नांगर टाकून पाणबुड्यांकडून बूड साफ करून घ्या, मगच पुढचं बोला, असं ऑस्ट्रेलियाच्या कृषी, मत्स्यव्यवसाय आणि वनखात्याने बजावलं. अखेर २ जानेवारी २०२३ रोजी जहाज मेलबर्नला लागलं. तोवर आठवडाभर प्रवाशांचे पाय जमिनीला लागले नव्हते. त्याच हंगामात ‘कोरल प्रिन्सेस’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ या जहाजांचेही न्यूझीलंडमधले कार्यक्रम याच कारणाने बदलले.

आता त्या एका वाक्याकडे येऊ. समुद्राचं पाणी एकमेकांना जोडलेलं आहे हे खरं, पण त्यात राहणारे जीव जोडलेले नाहीत. हे समजायला न्यूझीलंडला जायची गरज नाही, आपली सावित्री पुरेशी आहे. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड, दासगाव करत ती बाणकोट-हरिहरेश्वरच्या मधून समुद्राला मिळते. पाणी सलग एकच आहे. तरी हरिहरेश्वरच्या खडकांना घट्ट धरून बसलेली कालवं पोलादपूरच्या पात्रात सापडत नाहीत. पाण्याचा खारटपणा, ऊब, खोली, तळाशी खडक आहे की गाळ, यावर कोण कुठे जगणार ते ठरतं. एकाच नदीत ही गत, तर अख्ख्या पृथ्वीच्या समुद्राची काय असेल?

खडकाला किंवा लाकडाला चिकटून जगणाऱ्या जीवांसाठी खोल महासागर ही भिंत असते. त्यांची पिल्लं काही दिवस, फार तर काही आठवडे पाण्यात तरंगतात. तेवढ्यात टेकायला कठीण जागा मिळाली नाही तर मरतात. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरची शिंपली स्वतःच्या बळावर मुंबईला कधीच पोहोचली नसती. जहाज ही भिंत मोडतं. ते त्या शिंपलीला एका बंदरात अंगावर घेतं, खोल समुद्र ओलांडून देतं आणि तसल्याच उथळ, निवाऱ्याच्या, ओळखीच्या पाण्यात नेऊन सोडतं. नव्या जागी तिला खाणारं कुणी नसतं, तिचा रोग नसतो. समुद्र खरोखर एकच असता, तर १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यानंतर तांबड्या समुद्रातल्या शेकडो जाती भूमध्य समुद्रात शिरून तिथली मासेमारी बदलली नसती. दोन्हीकडे पाणी खारटच होतं, मध्ये होती ती फक्त जमिनीची एक पट्टी.

कुणी म्हणेल, ही परदेशातली उदाहरणं झाली. तर मग मुंबईचंच घ्या. काळ्या पट्ट्यांची एक छोटी शिंपली आहे, शास्त्रीय नाव ‘मायटिलॉप्सिस सॅलेई’. मूळची कॅरिबियन समुद्र आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याची. भारतात ती पहिल्यांदा १९६७ साली विशाखापट्टणमला आढळली. पुढे मुंबई बंदरातही ती पोहोचल्याचं करंदे आणि मेनन या संशोधकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलं. ती आपल्याकडे कुणी पाळायला आणली नाही, जहाजांबरोबर आली. आकार अंगठ्याच्या नखाएवढा. चिवट धागे सोडून ती लाकूड, लोखंड, दोर, काहीही पकडते. साधारण महिन्याभरात ती वयात येते आणि अंडी घालू लागते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असे थर चढत जातात आणि खालचा लोखंडी खांब दिसेनासा होतो. तिचा सगळ्यात घातक गुण म्हणजे तिला खारटपणाचं सोयरसुतक नाही. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत ती तग धरते.

म्हणजे तिला सर्वांत सोयीची जागा कोणती? खाडी. ‘आपण समुद्रापासून आत आहोत, आपल्याला काय त्याचं?’ असं महाडकरांनी म्हणावं याचा मला म्हणूनच राग येतो. आपल्या गावाला बंदर होतं, रायगडाचा व्यापार या खाडीतून चालत होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आले, तेही मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरपर्यंत आणि तिथून खाडीने दासगावला उतरले. भरतीचं पाणी आजही महाडपर्यंत चढतं. खाडीतला जिताडा, बोय, चिंबोरी, निवटी यांवर ज्यांचं घर चालतं त्यांना समुद्राचे प्रश्न परके नाहीत.

हीच काळ्या पट्ट्यांची शिंपली मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात छोट्या नौकांच्या तीन गोद्यांमध्ये सापडली. काही महिन्यांपूर्वी तिथे तिचा मागमूस नव्हता आणि आता एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी दाटी होती. सरकारने गोद्यांचे दरवाजे बंद केले, नौकांना बाहेर पडायला मनाई केली, पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं आणि आतलं सगळं मारून टाकलं, चांगले-वाईट सगळे जीव. खर्च झाला वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. शिंपली संपली, पण संपली याचं कारण गोद्यांना बंद करता येणारे दरवाजे होते. उघड्या बंदरात एकदा शिरलेला जीव परत काढल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मुंबईत तो उपाय शक्यच नव्हता. पन्नास वर्षं झाली, ती शिंपली इथेच आहे.

केरळचा अनुभव तर अगदी अलीकडचा. दक्षिण अमेरिकेतली ‘मायटेला स्ट्रिगाटा’ ही शिंपली तिथल्या अष्टमुडी सरोवरात पसरल्याचं केरळ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली नोंदवलं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच मच्छीमारांच्या पोटापाण्याचं काय होणार हा प्रश्न होता. अष्टमुडीत शिंपल्या गोळा करून हजारो कुटुंबं जगतात. परकी शिंपली त्याच तळावर गालिच्यासारखी पसरली की देशी शिंपलीला जागाच उरत नाही. सावित्रीच्या किंवा कुठल्याही खाडीतल्या तिसऱ्या-कालवांवर जगणाऱ्या बायकांच्या बाबतीत असं झालं तर भरपाई कोण देणार?

आता बाकीचे समज. त्यांना इतकी जागा द्यायची गरज नाही.

‘बोट जुनी, घाणेरडी असणार.’ व्हायकिंग ओरायन २०१८ साली सेवेत आलेलं, आतून आरशासारखं जहाज होतं. घाणीचा इथे संबंध नाही. स्वच्छ लोखंडाचा पत्रा समुद्रात सोडला तर काही तासांत त्यावर जिवाणूंचा थर बसतो, काही दिवसांत बुळबुळीत साय धरते आणि काही आठवड्यांत बार्नॅकल, म्हणजे खडकावर पाय कापणारे ते चुन्याचे टोकदार शंकू, उगवायला लागतात. कोविडच्या काळात क्रूझची जहाजं महिनोन् महिने उभी होती. चालत्या जहाजापेक्षा उभ्या जहाजावर जीव जास्त बसतात.

‘नुसत्या शेवाळासाठी अडवतात.’ हे साफ खोटं आहे. न्यूझीलंडचा नियम वाचला तर कळेल की बुळबुळीत साय चालते. देठाचे बार्नॅकल, जे भर समुद्रातच तरंगत्या वस्तूंवर वाढतात, तेही चालतात, कारण ते किनाऱ्यावर वस्ती करत नाहीत. अडवतात ते बंदरातून बंदरात जाणाऱ्या जीवांना. हा नियम १५ मे २०१८ पासून सक्तीचा झाला, त्याआधी चार वर्षं सूचना देऊन तयारीला वेळ दिला होता. त्यातली एक तरतूद सहलीला जाणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. वीस दिवसांपर्यंत राहून केवळ नेमून दिलेल्या मोठ्या बंदरांत जाणाऱ्या जहाजाला थोडी सूट आहे. त्याबाहेरच्या जागी जायचं तर बूड जवळपास कोरं लागतं. फियोर्डलँड, मिलफर्ड साउंड ही जी छायाचित्रं पाहून आपण तिकीट काढतो, त्या जागा या दुसऱ्या यादीत येतात. म्हणून जहाज ऑकलंडला लागतं आणि फियोर्डलँड वगळतं. यात लहरीपणा नाही. जपानकडचं ‘उंडारिया’ हे शेवाळ १९८७ साली वेलिंग्टनच्या बंदरात सापडलं आणि २०१० साली फियोर्डलँडमध्येही पोहोचलं. पोळलेला माणूस सावध राहणारच.

‘बंदरातच पाणबुडे उतरवा आणि खरवडून घ्या.’ म्हणजे शेतातलं तण उपटून त्याचं बी त्याच शेतात झटकायचं. खरवडलेले तुकडे, अंडी, जिवंत शिंपल्या तळाशी पडतात आणि नेमकं जे टाळायचं तेच होतं. म्हणून साफसफाई भर समुद्रात किंवा सुक्या गोदीत करायला लावतात.

‘रंग मारला की झालं.’ बुडाला तांब्याचा विषारी अंश असलेला रंग लावतातच. पण तो जहाज चालतं राहिलं तरच नीट काम करतो. शिवाय सुक्या गोदीत जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकवलेलं असतं तेवढ्या पट्ट्या रंगाविना राहतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळीदार पोकळ्या असतात, त्यांच्या आत पाण्याचा मारा पोहोचत नाही. बाहेरून बूड चकचकीत दिसत असताना त्या जाळीमागच्या कोपऱ्यात मूठभर शिंपल्या एकमेकींना धागे घालून बसलेल्या असतात. तपासनीस कॅमेरा पहिल्यांदा तिथेच घालतात. अधिक जहाल रंग वापरूनही पाहिला गेला. कथिलाचं संयुग असलेल्या रंगाने फ्रान्समधल्या आर्काशोंच्या कालवांची कवचं वेडीवाकडी झाली, पैदास बुडाली. अखेर २००८ पासून त्यावर जगभर बंदी आली.

‘कंपनी इंधन वाचवायला बंदर चुकवते.’ उलट आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२१ साली मांडलेल्या अभ्यासानुसार अर्धा मिलिमीटर जाडीची साय निम्म्या बुडावर असली तरी जहाजाचं कार्बन उत्सर्जन सुमारे एक चतुर्थांशाने वाढू शकतं. तेवढं इंधन कंपनीच्याच खिशातून जातं.

‘हे बॅलास्ट पाण्याचं प्रकरण आहे.’ नाही. तोल सांभाळायला टाक्यांत भरलेल्या पाण्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. त्या विषयातल्या जागतिक प्रकल्पासाठी २००० साली निवडलेल्या सहा देशांत भारत होता आणि आपलं प्रात्यक्षिक बंदर होतं मुंबई. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेव्हा मुंबई बंदरातल्या जीवांची पाहणी केली. तेव्हा ‘आपल्याकडे असलं कुणी बघत नाही’ हेही खरं नाही. बघितलं जातं. पण बुडाला चिकटलेल्या जीवांसाठी न्यूझीलंडइतका कडक दरवाजा आपण अजून लावलेला नाही आणि तो लावायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅलार्ड पिअरला क्रूझसाठी नवं मोठं टर्मिनल उभं राहिलं, त्याचं कौतुक सगळे करतात. तिथे लागणाऱ्या जहाजांच्या बुडाला काय आहे हे विचारणारं कुणी असलं पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. क्रूझच्या तिकिटावरच्या अटींत बंदर बदलण्याचा हक्क कंपनीने आपल्याकडे ठेवलेला असतो, तो मजकूर पैसे भरण्याआधी वाचा. प्रवास विम्यात बंदर चुकल्याची भरपाई आहे का ते विचारा, सगळ्याच विम्यांत ती नसते. फियोर्डलँडसाठीच जाणार असाल तर जहाजाचं बूड शेवटचं कधी साफ झालं हे टूरवाल्याकडून लेखी मागा. त्याला माहीत नसेल तर त्याने कंपनीला विचारावं, हे त्याचं काम आहे. आणि बंदर गळलंच तर जहाजावरच्या नोकरांवर ओरडू नका, त्यांत आपल्याकडची पोरंही असतात आणि निर्णय त्यांच्या हातात नसतो. परतीचं विमान जहाज लागण्याच्या दिवशीच ठेवू नका, मध्ये दोन दिवस मोकळे सोडा.